वय होणं वेगळं, झिजणं वेगळं

डिसेंबरात कापसाच्या दुसऱ्या वेच्याला मी गावी होते. दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली भाकरी सोडली, तेव्हा काकूनं कनवटीची गाठ सोडली आणि एक लहानशी पांढरी डबी माझ्या हातावर ठेवली. डबीवर ना कंपनीचं नाव, ना तारीख, ना आत काय आहे त्याची यादी. तालुक्याच्या गावाहून कुणीतरी आणून दिलेली ‘नाइट क्रीम’. महिनाभर ती रोज रात्री लावत होती. चेहरा खरोखरच उजळला होता. हात मात्र होते तसेच होते: बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे पडलेले, मनगटापर्यंत रापलेले.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मले गोरं नाई व्हाचं वं बाई. या वयात कोन पाहाते? फक्त थकल्यावानी दिसाचं नाई.”

काकू ४६ वर्षांची आहे. तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, आणि त्याबरोबर अकोल्याची बातमीही आठवत राहिली. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या, आई आणि दोन मुलींच्या, किडनीला सूज आल्याचं समोर आलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मागोवा घेतला, तेव्हा तिघी चेहऱ्याला लावत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही असे रुग्ण सापडले. चेहऱ्याला लावलेली वस्तू किडनीपर्यंत पोचते कशी, हे बातमी वाचून अनेकांना कळलं नाही. आणि असं असेल तर बाया ती लावतात का, हा त्याहून मोठा प्रश्न.

बाजारातल्या डब्या ‘तरुण दिसा’, ‘उजळ दिसा’ म्हणतात. आमच्याकडच्या बायांशी बसून बोललं की दुसरंच ऐकू येतं. भेटेल त्यानं “काहून वं, बिमार आहे का?” असं विचारू नये. लेकीच्या सोयरिकीत विहिणीशेजारी उभं राहताना अवघडल्यासारखं होऊ नये. नवऱ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असून त्याची मोठी बहीण वाटू नये. यात वयाची लाज कुठेच नाही. खंत आहे ती झिजल्याची. वय होणं आणि झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहऱ्यावर त्या एकाच जागी दिसतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. एकीवर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. दुसरीवर बरंच काही करता येतं, पण ते डबीत मिळत नाही.

## त्वचा म्हणजे कुडाची भिंत

कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्वचा समजायला वेळ लागणार नाही. आत पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, किंवा कमट्यांचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप, आणि सगळ्यात वर शेणाचं सारवण. सारवण झिजतं, आपण पुन्हा घालतो. भिंत उभी राहते ती मात्र आतल्या पऱ्हाट्यांवर.

त्वचेचा वरचा थर या सारवणासारखा पातळ असतो आणि तो आपला आपणच नवा होतो. खालून नव्या पेशी वर येतात, जुन्या झडून जातात. तरुणपणी हा फेरा साधारण चार आठवड्यांत पूर्ण होतो. वय वाढलं की जास्त दिवस घेतो. म्हणून उतारवयात खरचटलेलं लवकर भरत नाही आणि कातडी कोरडी, निस्तेज वाटते.

खालच्या थरातल्या पऱ्हाट्या म्हणजे कोलॅजेन. हे दोरीसारखं गुंफलेलं प्रथिन त्वचेला घट्ट धरून ठेवतं. ऐन तारुण्य सरलं की ते दरवर्षी सुमारे एक टक्क्यानं कमी होत जातं. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत घसरण एकदम वाढते. त्या काळात जवळजवळ तीस टक्के कोलॅजेन जाऊ शकतं. चाळिशी-पन्नाशीत “दोन वर्षांत एकदम बुढी झाली” असं आपण एखादीबद्दल बोलतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. गर्भपिशवी काढताना अंडाशयही काढलं असेल, तर ही घसरण त्याच वयात, अगदी पस्तिशीतही, सुरू होते आणि हाडंही सोबत ठिसूळ होऊ लागतात. पिशवी काढायचा निर्णय आपल्याकडे फार सहज घेतला जातो, आणि त्याची ही बाजू बाईला कुणी आधी सांगत नाही. मला त्याचा राग येतो.

आता क्रीम. क्रीम म्हणजे सारवण. चांगलं सारवण घातलं तर भिंत नीट दिसते, भेगा बुजतात, ओल टिकते. खोबरेल, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली हे काम उत्तम करतात आणि स्वस्तात करतात. पण आतल्या पऱ्हाट्या बाहेरून लेप लावून नव्या होत नाहीत. ‘कोलॅजेनयुक्त’ असं डबीवर लिहिलेलं असलं तरी कोलॅजेनचा रेणू एवढा मोठा असतो की तो त्वचेतून आत शिरतच नाही.

## दंडाची आतली बाजू पाहा

मी काकूला झाडाखालीच एक गोष्ट करायला लावली. तुम्हीही करा. हात वर उचलून दंडाची काखेजवळची आतली बाजू पाहा, मग त्याच हाताची मनगटाजवळची बाहेरची बाजू. काकूच्या दंडाची कातडी मऊ, एकसारख्या रंगाची, बारीक पोताची होती. मनगटावरची जाडसर, डागाळलेली, चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत जाणारी. दोन्ही एकाच हाताच्या. दोन्हीचं वय ४६. दंडाला जे झालं ते वय. मनगटाला त्याहून जास्त जे झालं ते ऊन.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. त्यानं २८ वर्षं मालाची गाडी चालवली होती. चेहऱ्याची डावी बाजू खिडकीकडे, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. ती बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्या मानानं कितीतरी कमी. एकाच माणसाचे दोन गाल, मध्ये वीस वर्षांचं अंतर असावं असे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा उजवा हात कधी निरखून पाहा.

सूर्याच्या किरणांमध्ये डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यातले दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. एक वरच्या थराला भाजतो, त्यानं कातडी लाल होते, सोलते. दुसरा मुकाट्यानं खालच्या थरापर्यंत जातो आणि कोलॅजेन तोडतो. तो काचेतूनही येतो, सकाळ-संध्याकाळही असतो, बाराही महिने असतो. त्याचं काम वाळवीसारखं आहे. वरून सारवण साबूत दिसतं आणि आत पऱ्हाट्या पोकळ होत जातात.

हे किरण आणि उन्हाचा ताप या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ अंशांच्या वर जातात, तेव्हा आपण डोक्याला दुपट्टा बांधतो, कांदा जवळ ठेवतो, दुपारी घराबाहेर पडत नाही. वेचणीच्या दिवसांत ऊन कोवळं वाटतं, अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि बाया सकाळी नऊपासून सायंकाळपर्यंत उघड्या हातांनी शेतात असतात. ताप नाही म्हणून किरण नाहीत असं होत नाही.

## रंग म्हणजे छत्री

त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते शोभेसाठी नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दिसतं की त्वचेच्या पेशी मेलॅनिनचे कण आपल्या केंद्राच्या वरच्या बाजूला गोळा करतात, टोपी घातल्यासारखे. केंद्रात पेशीचा सगळा वारसा असतो; किरणांनी तो बिघडू नये म्हणून ही छत्री. ऊन वाढलं की छत्री दाट होते, त्यालाच आपण रापणं म्हणतो.

सावळ्या त्वचेला ही छत्री जन्मापासून मोठी मिळालेली असते. म्हणून गोऱ्या त्वचेपेक्षा आपल्या त्वचेला सुरकुत्या साधारणपणे उशिरा पडतात आणि त्वचेचा कर्करोगही कितीतरी कमी होतो. आपल्या चेहऱ्यावर झीज दिसते ती बहुतेकदा डागांच्या रूपात: गालांवरचं वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, कपाळाची कड. वांग बाळंतपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि उन्हानं वाढतं. चुलीसमोरची धगही ते वाढवू शकते. बघणाऱ्याच्या नजरेलाही रंगाचा असमानपणा सुरकुतीइतकाच ‘वय’ वाटतो. म्हणून बाई डाग घालवायला जाते आणि दुकानदार तिच्या हातात गोरेपणा ठेवतो. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये गेला. लग्नाच्या बायोडाट्यातला ‘गोरी’ अजून गेलेला नाही.

## डबीत काय असतं

नावगाव नसलेल्या डबीत बहुतेकदा दोनांपैकी एक वस्तू असते. कधी दोन्ही असतात.

पहिली म्हणजे पारा. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन तयार होण्याची क्रियाच अडवतात, म्हणून चेहरा झपाट्यानं उजळतो. पण पारा त्वचेवर थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि किडनीत साठतो. किडनी म्हणजे गाळणी. पारा साठला की या गाळणीची भोकं बिघडतात आणि शरीराला लागणारी प्रथिनं लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. सकाळी डोळ्यांभोवती सूज, पायांवर सूज, लघवीला न विरणारा फेस, ही त्याची लक्षणं. सौंदर्यप्रसाधनात नकळत राहून गेलेला पारा किती असू शकतो याची कायद्यानं घातलेली मर्यादा दहा लाख भागांत एक भाग आहे. दहा क्विंटल कापसात एक ग्रॅम, म्हणजे तेवढं. अशा डब्यांमध्ये त्याच्या हजारो पट पारा सापडतो. शिवाय त्याची वाफ होते, तो टॉवेलला आणि उशीला लागतो, म्हणजे घरातल्या लेकरांनाही पोचतो.

एक खूण लक्षात ठेवा. “सोन्या-चांदीला लागू देऊ नका” असं सांगून कुणी क्रीम देत असेल, तर त्यात पारा असण्याची दाट शक्यता आहे, कारण पारा सोन्याला धरतो. काकूला तेच सांगितलं होतं: लावताना गळ्यातली पोत काढून ठेव. तिला वाटलं, भारी औषध आहे म्हणून सांगतात.

दुसरी वस्तू स्टेरॉइड. हे मुळात चांगलं औषध आहे. सूज आणि खाज दाबायला डॉक्टर ते मोजक्या दिवसांसाठी देतात. चेहऱ्याला रोज लावलं की रक्तवाहिन्या आक्रसतात, पुरळ दबतं, आठ-दहा दिवसांत चेहरा तुकतुकीत आणि उजळ दिसतो. दोन-तीन महिन्यांनी खरा हिशोब सुरू होतो. कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पुटकुळ्या उठतात, उन्हात पाऊल टाकलं की आग होते. घाबरून क्रीम सोडली की सगळं दुपटीनं उसळतं. मग बाई पुन्हा तीच क्रीम लावते, कारण ती लावल्यावरच आग थांबते. त्वचेला लागलेलं हे व्यसन आहे. केंद्र सरकारनं मार्च २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी खाजेची म्हणून, नायट्याची म्हणून, गोरेपणाची म्हणून ती काउंटरवरून दिली जातात.

पारा असो की स्टेरॉइड, ही वस्तू छत्री काढून घेते किंवा भिंत पोखरते. म्हणजे झीज लपवायला घेतलेली क्रीम झीज वाढवते.

## मग ‘थकल्यावानी’ दिसतं कशामुळे?

इथे जरा थांबावं लागेल, कारण काकूचा प्रश्न हा होता.

डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या १,८२६ जुळ्या भावंडांचे फोटो अनोळखी लोकांना दाखवून ‘हे किती वर्षांचे वाटतात’ असं विचारलं गेलं. पुढे त्या जुळ्यांच्या आयुष्याची नोंद ठेवली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: जुळ्यांपैकी जो जास्त म्हातारा दिसत होता, तो बहुधा आधी गेला. चेहऱ्यामुळे माणूस मरत नाही हे उघड आहे. पण आतली झीज चेहऱ्यावर उमटते, आणि बघणाऱ्याला ती कळते. तिथल्याच जुळ्यांच्या अभ्यासांत ऊन, धूम्रपान, जास्त कृशपणा आणि मनाची उदासी या गोष्टी माणसाला वयापेक्षा मोठं दाखवतात असं दिसलं. ही यादी वाचली तेव्हा मला आमच्या गावातल्या निम्म्या बाया डोळ्यांपुढे आल्या.

पहिलं कारण रक्त. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. हिमोग्लोबिन रक्ताला लाली देतं आणि प्राणवायू वाहून नेतं. ते कमी झालं की चेहरा फिकट, डोळे खोल, ओठ कोरडे, केस विरळ. ही बाई चार पायऱ्या चढली की धापा टाकते. तिला फेशियल करून काय मिळणार? पूर्व विदर्भात तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. घरात कुणाला असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी ती तपासणी करून घ्यावी.

दुसरं, आणि ज्याला सौंदर्यात कुणी मोजतच नाही, ते दात. दाढा पडल्या की गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांभोवती सुरकुत्यांचं जाळं पडतं. चाळिशीतली बाई साठीची दिसायला चार दाढा जाणं पुरतं. आणि आपल्याकडे दात घालवतो तो खर्रा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत तो माणसं खातात तसा बायाही खातात, भूक मारायला, कामाला जोर यावा म्हणून. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, गालांचा मऊपणा जातो. कर्करोगाचं भय तर आहेच. चेहऱ्यासाठी आयुष्यात एकच गोष्ट करता येणार असेल तर मी खर्रा सोडा म्हणेन. बाकीचं सगळं नंतर.

मानेवरची काळी मखमली वळी हीसुद्धा झिजेची निराळी खूण आहे. लोक ती घासणीनं घासतात, लिंबू चोळतात. तो मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं ते लक्षण असू शकतं, मधुमेहाच्या बरंच आधी दिसणारं. घासण्याऐवजी साखर तपासावी.

आणि झोप. पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या, रात्री सगळ्यांची जेवणं उरकून अकराला पाठ टेकणाऱ्या बाईच्या डोळ्यांखाली जे काळं दिसतं, त्यावर कोणत्याही दुकानात क्रीम नाही. तिच्या कामातलं थोडं काम दुसऱ्यानं उचललं तर फरक पडेल.

## “आमच्या आजीनं तर काहीच लावलं नाही”

हे मी नेहमी ऐकते, आणि त्यात अर्धं खरं आहे. आजीनं क्रीम लावली नाही, पण पदर डोईवरून कपाळापर्यंत होता. अंगाला जवसाचं नाहीतर मोहाच्या बियांचं तेल होतं. जेवणात ज्वारी, जवसाची चटणी, अंबाडी होती. हे सगळं त्वचेच्या हिताचंच होतं. पण आजी पन्नाशीत वाकलेली होती, बाळंतपणांनी हाडं पोकळ झालेली, दात गेलेले, हेही खरं. आपल्याला ती सुंदर वाटते कारण ती आपली आजी आहे, आणि तसं वाटणं योग्यच आहे. पण ‘नैसर्गिक म्हातारपण’ म्हणजे काहीच न करणं असा अर्थ त्यातून काढू नये. वाकलेली पाठ हा निसर्ग नव्हता, ती झीज होती.

## “घरगुती आहे, मग चालेल ना?”

सगळंच चालत नाही. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेलं तर लिंबातल्या द्रव्यामुळे किरणांची प्रतिक्रिया होऊन फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, चुना यांनी वरचा थर जळतो. हळद, बेसन, साय यांनी नुकसान नाही. चेहरा मऊ होतो, रंग बदलत नाही. पायांच्या भेगांना रात्री पाय भिजवून, पुसून, पेट्रोलियम जेली लावून मोजे घालावेत. आठवड्यात फरक दिसतो.

## “ऊन टाळलं तर ड जीवनसत्त्व कुठून येणार?”

शेतात जाणाऱ्या बाईनं याची काळजी करू नये. हातापायांवर थोडा वेळ पडणारं ऊन पुरतं. दिवसभर भाजून घ्यायची गरज नसते. सनस्क्रीन चांगलं आहे, तीस एसपीएफचं असेल तर भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं. पण ते दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यावं लागतं आणि घाम आला की पुन्हा लावावं लागतं. तसं वापरलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. मजुरीवरच्या बाईला हा खर्च सांगणं मला पटत नाही. लुगड्यावर घातलेला जुना फुल बाहीचा शर्ट आणि तोंडावरून घेतलेला दुपट्टा हे तिच्यासाठी सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं. वांगावर औषध घेणाऱ्यांनी मात्र सनस्क्रीन चुकवू नये, कारण त्याशिवाय औषध लागू पडत नाही.

## केस, आणि शहरातली इंजेक्शनं

“हे केस काही उन्हानं पांढरे नाही झाले” असं जुनी माणसं अनुभवाचा हवाला देत म्हणतात. शास्त्रानंही ते खरंच आहे. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशींचा साठा असतो. तो संपला की केस पांढरा उगवतो. तेलानं तो काळा होत नाही आणि एक उपटल्यानं चार उगवत नाहीत. पंचविशीच्या आत फार पिकले तर बी-१२ आणि थायरॉइड तपासावं. रंगवायचे असतील तर खुशाल रंगवा, त्यात फसवणूक काही नाही. फक्त डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अनेकांना ॲलर्जी असते. आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. नुसती मेंदी तांबूस रंग देते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी आणि झटपट काळं करणारी पुडी म्हणजे बहुधा तोच डाय.

नागपूरच्या दवाखान्यांत बोटॉक्स मिळतं. ते स्नायू सैल करतं, सुरकुती तीन-चार महिने जाते, मग परत येते. तज्ज्ञाच्या हातून घेतलं तर तुलनेनं सुरक्षित आहे, आणि ज्याला परवडतं आणि हवं आहे त्यानं घ्यावं. आतल्या पऱ्हाट्यांवर खरोखर काम करणारं, पुराव्यानं सिद्ध झालेलं औषध ट्रेटिनॉइन. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रात्री, महिनोन्‌महिने लावायचं असतं आणि गरोदरपणात वापरायचं नसतं. गोरं करणारी ग्लुटाथायोनची सलाइनं मात्र कुणीही घेऊ नयेत. त्यांचा फायदा टिकाऊ असल्याचा पुरावा नाही आणि शिरेतून दिलेल्या वस्तूचा अपाय झाला तर तो सावरायला वेळ मिळत नाही.

## डबी घरात असेल तर

लावणं थांबवा. ती चुलीत टाकू नका, पाऱ्याची वाफ घरभर होईल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डॉक्टरांकडे सोबत न्या. लघवीतली प्रथिनं पट्टी बुडवून काही मिनिटांत तपासता येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातही. वेळेवर थांबवलं तर किडनीची सूज बहुतेकांची उतरते. स्टेरॉइड असल्याची शंका असेल तर चेहरा उसळेल याची तयारी ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घाबरून परत तीच क्रीम लावू नका. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा, कारण तीच डबी शेजारच्या गावातही गेलेली असते.

काकूची लघवी ठीक निघाली. हिमोग्लोबिन निघालं ८.४. थायरॉइड बरोबर होतं. गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस ती त्या चहासोबत घेत होती आणि चहानं लोह शोषलं जात नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घेते. जानेवारीत तीन आठवडे चेहरा लाल होऊन चुरचुरत होता, तेव्हा ती डबी पुन्हा मागत होती. मी ती आधीच सोबत आणली होती म्हणून बरं. मार्चमध्ये पुन्हा रक्त तपासलं, १०.८ आलं. चेहरा हातांच्या रंगाचा झाला आहे.

शर्ट घालायला मात्र ती तयार नाही. “शर्ट घातला का मजुरीन दिसते,” म्हणते. घरचं वावर असलेल्या बाईला ते लागतं, आणि मी त्यावर वाद घातला नाही. तिनंच तोड काढली. गावातल्या शिंप्याकडून फुलाफुलांच्या सुती कापडाच्या लांब बाह्या शिवून घेतल्या, कोपरावरून मनगटापर्यंत, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. एक जोडी तिची, एक धाकट्या जावेची.